जुन्या नाटक-सिनेमांच्या फोटोंत अभिनय दिसतो की नुसती पोज?

तिसरी_घंटा

मंडळी, बालगंधर्व, केशवराव भोसले, गणपतराव बोडस यांचे जुने फोटो हल्ली व्हॉट्सॅपवर सारखे फिरत असतात. खालच्या प्रतिक्रिया दोनच जातीच्या. एक, "काय तो अभिनय! आजच्यांना जमेल का?" दुसरी, "हे एवढे गाजलेले नट? हे तर मांडवात बसवलेल्या नवरदेवासारखे ताठ आहेत." दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की फोटोत दिसतोय तो प्रयोग आहे. मुळात भांडण तिथेच चुकतं.

प्रयोग चालू असताना फोटो काढणं त्या काळात जवळपास अशक्य होतं. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला उभं राहिलं तेव्हा रंगमंचावर तेलाचे नाहीतर गॅसचे दिवे असायचे. पुढे किटसनच्या बत्त्या आल्या, त्यांचा उजेड डोळ्यांना भगभगीत वाटायचा, पण फोटो ज्यावर उमटायचा त्या काचेच्या प्लेटला तोही पुरत नसे. मॅग्नेशियमची पूड पेटवून लख्ख उजेड करता यायचा, पण भरल्या थिएटरात तो जाळ आणि धूर कोण करू देणार? मग नटाने दिवसाउजेडी, रंगभूषा करून, शालू नेसून फोटो स्टुडिओत जायचं. काचेचं छत, मागे रंगवलेला पडदा, खाली गालिचा. हलायचं नाही. जुन्या प्लेटांच्या काळात तर मान स्थिर राहावी म्हणून मागून लोखंडी टेकू लावत.

हे ओळखायची सोपी खूण सांगतो. रंगमंचावर मुख्य उजेड पायाशी ठेवलेल्या दिव्यांचा, म्हणजे खालून वर. हनुवटी उजळलेली आणि भुवयांच्या वर सावली असायला हवी. या फोटोंत नेमकं उलटं असतं: कपाळ उजळ, हनुवटीखाली सावली. म्हणजे उजेड वरून, एका बाजूने आलेला. सुभद्रा अरण्यात उभी आहे आणि अरण्याच्या पडद्याची खालची दांडी गालिच्यावर टेकलेली दिसते, असे फोटो मी पाहिलेत. फार आवडतात मला ते.

म्हणून माझं म्हणणं असं, की हे फोटो म्हणजे नटाने कॅमेऱ्यासाठी केलेली वेगळी भूमिका आहे. त्यातून त्याच्या अभिनयाबद्दल कळतं का? कळतं, पण जिथे सगळे बघतात तिथे नाही. चेहऱ्यात काही मिळत नाही. बाकीचं पुढच्या प्रतिसादांत लिहितो.

पंचगंगा_एक्सप्रेस

धागा चांगला, पण अर्धाच सहमत. तुम्ही म्हणता पोज वेगळी आणि अभिनय वेगळा. संगीत नाटकात हा फरक एवढा होता का? पद सुरू झालं की नट समोर येऊन उभा राहायचा. समोर ऑर्गन, सारंगी, तबला. बालगंधर्वांच्या गंधर्व कंपनीत साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँसाहेब बसलेले असताना नायिका काय हातवारे करत हिंडणार आहे? ती उभी राहायची, गायची, वन्समोअर आला की पुन्हा गायची. नाटकातली अख्खी वीस मिनिटं एका पोजमध्ये जात. म्हणजे फोटो तेवढा खोटा नाही.

गद्य नाटकवाल्यांचंही तेच. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट, म्हणजे 'विकारविलसित'मधला चंद्रसेन, महाराष्ट्रभर गाजला. त्या शैलीत वाक्य फेकून क्षणभर तसंच थांबायचं, टाळी घ्यायची आणि मग पुढे. नट स्वतःच स्वतःला फ्रेम करत होते. फोटोग्राफरला वेगळं सांगावं लागत नसेल.

कृष्णधवल

तांत्रिक बाजूचं मी थोडं लिहितो, कारण याशिवाय या फोटोंवर बोलणं म्हणजे चष्मा न लावता पेपर वाचणं.

त्या वेळच्या प्लेटा आणि नंतरची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म यांना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू फोटोत काळी येते. निळी वस्तू उलट पांढरट येते. आता हे डोक्यात ठेवून कुठलाही जुना नाटकाचा फोटो बघा. कपाळावरचं कुंकू काळं ठिपकं दिसतं. ओठ काळे. लालभडक शालू नेसलेली नायिका काळं लुगडं नेसल्यासारखी दिसते आणि लोक खाली लिहितात, "शोकप्रसंग असावा". शोक कसला, स्वयंवर चाललंय तिथे!

चेहऱ्याचंही तसंच. रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ कालवून जो रंग लावत तो पिवळसर दिव्यांसाठी ठरलेला होता. रंगमंचावर गोरा-गुलाबी दिसणारा गाल प्लेटवर डागाळलेला येई. पिवळा गडद, लाल काळा. म्हणून काही फोटोंत चेहरा मुखवट्यासारखा वाटतो. नटाच्या अभिनयाचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो रसायनाचा प्रताप.

फाळक्यांच्या चित्रपटांतही हेच गणित. देवाला निळा रंग लावलात तर पडद्यावर तो फिकट येणार. लाल ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म चित्रपटांत सर्रास वापरात आली ती १९२० च्या दशकाच्या शेवटी. तोवरचे चेहरे बघताना ही सूट द्यायलाच हवी.

बोरकूट

कृष्णधवल, म्हणजे आमच्या घरातल्या भिंतीवरच्या पणजीबाई काळ्या लुगड्यात नाहीत तर! आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं, तो फोटो मंगळागौरीचा आहे." 😀

तिसरी_घंटा

पंचगंगा, तुमचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. गाणं म्हणजे उभं राहणं, ठीक. पण 'संशयकल्लोळ'चं काय कराल? बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो बारीक बारीक हालचालींवर, संशय मनात शिरताना चेहऱ्यावर होणाऱ्या फेरफारांवर. यातलं काय येणार फोटोत? विनोदी नटांवर कॅमेऱ्याने सगळ्यात मोठा अन्याय केलाय. ज्याचं सगळं कसब वेळेवर उभं, त्याचा स्थिर फोटो म्हणजे पगडी घातलेले गृहस्थ, बस्स.

गंमत म्हणजे त्या नाटकातला सगळा घोळ होतो तोच मुळी एका तसबिरीवरून. अश्विनशेठची तसबीर बायकोच्या, कृत्तिकेच्या हातात दिसते आणि फाल्गुनराव पुढचं सगळं स्वतःच रचतो. तसबीर बघून निष्कर्ष काढणाऱ्याची काय गत होते, ते देवलांनी आपल्याला आधीच दाखवून ठेवलंय.

आता चेहऱ्यात नाही तर कुठे बघायचं? हातांत. स्त्रीपार्टी नटाचे, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचे, हात पुरुषाचेच, पंजा रुंद, बोटं जाड. ते लपवायचे कसे, हा त्यांचा रोजचा धंद्याचा प्रश्न. म्हणून फोटोंत बघा, पंजा सपाट समोरून क्वचितच दिसतो. मनगट वळवून कड कॅमेऱ्याकडे केलेली, नाहीतर बोटं पदराच्या काठात गुंतवलेली, नाहीतर हातात फूल, पत्र, पंखा काहीतरी दिलेलं. खांदे रुंद, तर एक खांदा मागे घेऊन शरीर तिरकं उभं. वजन एका पायावर, दुसरा गुडघा किंचित पुढे, म्हणजे निऱ्यांचा झोक बदलतो आणि कमरेला वळण आल्यासारखं वाटतं. ही पोज स्टुडिओतल्या फोटोग्राफरने शिकवलेली नाही. नट रंगमंचावरून ती घेऊन आलाय. टेकू मानेला होता, मनगटाला नव्हता.

बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची कितीतरी वर्षं स्त्रीभूमिकाच करत राहिले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांचे निरनिराळ्या काळातले फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. अंग भरत गेलंय, चेहरा प्रौढ झालाय, पण पदर धरलेल्या बोटांची ठेवण जवळपास तीच. मला तरी त्यांचा अभिनय तिथे दिसतो. त्यांच्या नेसण्याची, केसांच्या ठेवणीची नक्कल त्या वेळच्या बायकांनी केली हे सगळे सांगतात. ती नक्कल कशाची होती? याच तपशिलांची.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. मध्यंतरात वडापावच्या रांगेत उभं राहण्याआधी एकदा दोन्ही चित्रांतले हात बघा.

गोंयचो_पाव

हातांचा मुद्दा पटला. मास्टर दीनानाथांबद्दलही लिहा की कोणीतरी! मंगेशीचा माणूस, १९१८ मध्ये बलवंत संगीत मंडळी काढली, गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये लतिका केली. गाणं आक्रमक, देखणा चेहरा. त्यांच्या फोटोंत मला बालगंधर्वांपेक्षा वेगळी गोष्ट दिसते: मान ताठ, नजर थेट. स्त्रीवेशातसुद्धा एक प्रकारची ऐट आहे. सगळे स्त्रीपार्टी एकाच साच्यातले होते असं समजायचं कारण नाही.

सुलभा_ताई

सगळं वाचलं. छान चाललंय. पण एक गोष्ट कोणालाच खटकली नाही का? या धाग्यात आतापर्यंत बाईच्या अभिनयाबद्दल बरंच बोलून झालं आणि त्यात बाई एकही नाही.

कलकत्त्याला १८७३ मध्ये बेंगॉल थिएटरने नट्या रंगमंचावर आणल्या. बिनोदिनी दासींसारखी नटी तिथे तेव्हाच घडली. आपल्याकडे मुख्य प्रवाहातल्या कंपन्यांनी हे टाळलं, कारण 'घरंदाज' प्रेक्षक. बायकांनी नाटक केलंच नाही असं नाही, स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळ्याही होत्या. पण दिवाणखान्यात फोटो लागले ते कोणाचे? पुरुषांचे. तरुण सुना पदर कसा घ्यायचा हे एका पुरुषाच्या फोटोवरून शिकत होत्या आणि खरोखर रंगमंचावर उभी राहणारी बाई मात्र नावं ठेवून घेत होती.

दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांची नावं इथे घ्यायलाच हवीत. फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही, तारामती केली अण्णा साळुंके यांनी. ते ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पार्वती दुर्गाबाई आणि मोहिनी कमलाबाई. मुलगी तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची. त्या कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. रीना मोहन यांनी १९९२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. म्हातारपणी, घरात बसल्या बसल्या त्या जुन्या भूमिकांतले संवाद म्हणून दाखवतात. अंग थकलेलं, पण वाक्य सुरू झालं की मान आणि आवाज दोन्ही बदलतात. तिसरी_घंटा, तुम्हाला जुना अभिनय बघायचाय ना? हजार स्टुडिओ फोटो बाजूला ठेवा आणि ते बघा.

रीळ_नंबर_चार

सुलभाताईंना जोरदार अनुमोदन.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. फाळके आधी फोटोग्राफर होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, लोणावळ्याजवळ रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आलेला. त्यामुळे स्थिर चित्र कसं मांडायचं हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. हरिश्चंद्राच्या सुरुवातीच्या दृश्यात राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, राणी शेजारी, सगळे प्रेक्षकाच्या बाजूला तोंड करून. थेट भिंतीवरच्या ओलिओग्राफसारखी, म्हणजे छापील रंगीत तसबिरीसारखी मांडणी. आणि मग ती हलायला लागते! १९१३ च्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. (आज जी रिळं उपलब्ध आहेत ती १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. नेटवर मात्र प्रत्येक फ्रेमखाली बिनधास्त '१९१३' लिहिलेलं असतं.)

साळुंक्यांनी पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. दंडाचे स्नायू असलेली सीता! पण लोकांनी ते स्वीकारलं, कारण नाटकाने त्यांची नजर तशी तयार केलेली होती.

आणि आता या धाग्याच्या प्रश्नाला सरळ भिडणारी गोष्ट. १९१९ चा 'कालियामर्दन' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी त्याची पहिली काही मिनिटं तरी बघावीत. कृष्णाचं काम फाळक्यांची मुलगी मंदाकिनी करते. पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके तिला साध्या वेशात कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. हसू, राग, भीती, रुसवा. सात वर्षांची पोर. चेहरा पडदाभर. मग हीच मुलगी कृष्णाच्या वेशात दिसते. अभिनय म्हणजे काय हे प्रेक्षकाला उलगडून दाखवणारा आपल्याकडचा बहुधा हा सगळ्यात जुना चलतचित्राचा तुकडा. ती देवकन्या वगैरे नाही, ती माझी मुलगी आहे आणि आता ती काम करणार आहे, हे दिग्दर्शक आधीच सांगून टाकतो. स्टुडिओ फोटोला जे जमलं नाही ते इथे आहे: एका भावातून दुसऱ्या भावात जाताना मधला जो क्षण असतो, जिथे पोरीला आठवावं लागतं की आता पुढचं काय, तो.

पंचगंगा_एक्सप्रेस

व्वा, रीळराव. आता आमच्या कोल्हापूरचं राहिलं.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघे आधी नाटकांचे पडदे रंगवणारे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक कंपनीसाठी त्यांनी पडदे केले. म्हणजे ज्या पडद्यासमोर नट उभा राहतो तो रंगवणाऱ्या माणसाने पुढे त्या पडद्यावर नट हलवला. बाबूराव शूटिंगच्या आधी पात्रांची, वेशांची, दृश्यांची स्केचेस काढत. १९२० चा 'सैरंध्री' हा महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट, त्यात बाळासाहेब यादवांचा भीम आणि झुंजारराव पवारांचा कीचक. कीचकवधाचं दृश्य इतकं अंगावर आलं की सेन्सॉरने आक्षेप घेतला. नाटकातला कीचकवध लोकांनी पाहिलेला होता, पण कॅमेरा जवळ गेल्यावर तोच वध वेगळा झाला. अभिनय बदलला की अंतर बदललं? मला वाटतं आधी अंतर बदललं आणि मग अभिनयाला बदलावंच लागलं.

१९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शांतारामांनी शेतकऱ्याचं काम केलं. तो मूकपट आज शाबूत नाही. स्थिरचित्रांवरूनच काय तो अंदाज करायचा. इथे तरी स्थिरचित्र हाच पुरावा, तिसरी_घंटा!

कृष्णधवल

पुरावा कशाचा, ते बघून घ्या. चित्रपटाची जी स्थिरचित्रं आपण बघतो ती बहुतेक वेळा चित्रपटातली फ्रेम नसतात. शॉट संपला की स्टिल फोटोग्राफर आपला मोठा प्लेट कॅमेरा घेऊन पुढे यायचा, "तसंच थांबा" म्हणायचा आणि नट पुन्हा पोज द्यायचे. उजेड जरा बदलून, दोघांना जरा जवळ सरकवून, म्हणजे थिएटरबाहेरच्या काचेच्या पेटीत लावल्यावर फोटो उठून दिसावा. त्यामुळे एखाद्या स्थिरचित्रात नायक-नायिका शेजारी उभे असतात आणि चित्रपटात तसा शॉट मुळी नसतोच. नाटकाच्या स्टुडिओ फोटोचीच ही पुढची पिढी. प्रत्यक्ष फिल्मच्या पट्टीतून मोठी केलेली फ्रेम वेगळी. तिच्यात हात हलताना पुसट झालेला असतो, डोळे अर्धे मिटलेले असतात. कुरूप फ्रेम दिसली की मी खूश होतो, ती खरी असण्याची शक्यता जास्त.

तिसरी_घंटा

हे सोन्याहून पिवळं. पंचगंगांना उत्तर मिळालं असावं. 😉

आता बालगंधर्वांच्या बाबतीत नशिबाने कशी थट्टा केली ते सांगतो. त्यांचा आवाज आपल्याकडे तबकड्यांवर आहे, पण तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेला. रंगमंचावर तेच पद किती तरी वेळ चालायचं. त्यांचं उभं राहणं फोटोंत आहे, पण मुकं. आवाज आणि देह एकत्र हवे असतील तर बोलपटाकडे जायचं. १९३५ चा प्रभात फिल्म कंपनीचा 'धर्मात्मा', दिग्दर्शक शांताराम. (मूळ नाव 'महात्मा', सरकारी सेन्सॉरला ते नाव चाललं नाही.) आणि त्यात बालगंधर्व कोण? संत एकनाथ! ज्या गोष्टीसाठी महाराष्ट्र त्यांच्यावर लुब्ध झाला ती सोडून बाकी सगळं त्यात आहे. वय सत्तेचाळीस. शांत, सोज्ज्वळ दिसतात, पण पुरुषवेशात हातांचं काय करायचं हे त्यांना पूर्ण सुचलेलं नाही असं मला दर वेळी वाटतं. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेशात आले, पण तोवर पडद्यावर दुर्गा खोट्यांना पाहिलेल्या प्रेक्षकाला ते रुचलं नाही.

सुलभा_ताई

का रुचावं? १९१३ ची तारामती साळुंके, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ची तारामती दुर्गा खोटे. मधे वीस वर्षंसुद्धा नाहीत. समोर हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, गंधर्व कंपनीत मुरलेले. दुर्गाबाईंना रंगमंचाची सवय नव्हती आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडलं. त्या चालतात तेव्हा बाई चालतेय असं दाखवत नाहीत, नुसत्या चालतात. स्थिरचित्रातही फरक कळतो. पदर सावरलेला नाही, पदर फक्त आहे.

मग १ जुलै १९३३ ला नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेचं 'आंधळ्यांची शाळा'. ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगमंचावर, भिंती-दरवाजे असलेलं घराचं नेपथ्य. त्यानंतर पुरुषाने नायिका करणं हळूहळू हास्यास्पद झालं. कलेचा एक प्रकार मेला म्हणून हळहळणारे मला भेटतात. मी हळहळत नाही.

गोंयचो_पाव

ज्योत्स्नाबाई आमच्या बांदिवड्याच्या. नोंद असावी. 🙂

रीळ_नंबर_चार

सुलभाताई, हळहळू नका, पण ते कसब वाया गेलं नाही हेही बघा. विष्णुपंत पागनीस. स्वदेशहितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे नट, १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'चा तुकोबा. निवड झाली तेव्हा त्यांच्या बायकी हालचालींबद्दल शंका होत्या असं सांगतात. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी नेमकं तेच मार्दव तुकोबाला दिलं. त्या चित्रपटातली कुठलीही फ्रेम थांबवा: खांदे किंचित आत, मान कलती, हात चिपळ्यांवर अगदी हलके. पहिलवान गडी तुकाराम म्हणून उभा केला असता तर ते 'आधी बीज एकले' कोणी ऐकलं असतं?

आणि समोर गौरीबाई. जिजाई. स्टुडिओतली साधी कामगार बाई, नाटकाचा वारा न लागलेली. ती म्हशीशी बोलते, देवाला शिव्या घालते, नवऱ्याच्या मागे धावते. त्यांचा एकत्र शॉट म्हणजे महाराष्ट्राच्या अभिनयाच्या दोन परंपरा एका चौकटीत. तो रंगमंचावरून आलेला, ती थेट गल्लीतून. १९३७ ला व्हेनिसला त्या चित्रपटाची जगातल्या उत्तम तिनांत गणना झाली. पण स्थिरचित्रांत कोण छापलं जातं? पागनीस, गरुडविमानासकट. गौरीबाईंचं काम स्थिर चित्रात मावतच नाही, ती एक क्षण थांबली तर ना!

पंचगंगा_एक्सप्रेस

गौरीबाईंबद्दल शंभर टक्के. तिथे मात्र तिसरी_घंटांची बाजू बळकट होते, हे नाइलाजाने कबूल.

मग प्रश्न असा, की नाटकाचा प्रयोगातला फोटो आपल्याकडे कधी मिळायला लागला? १९५० नंतर ३५ मिलिमीटरचे छोटे कॅमेरे आणि जलद फिल्म आली, तेव्हापासून?

कृष्णधवल

साधारण तेव्हापासूनच. विजेचे स्पॉट आणि जलद फिल्म, दोन्ही लागलं. तेव्हापासून फोटोंत घाम दिसतो, गळ्याच्या शिरा दिसतात, वाक्याच्या मधेच उघडलेलं तोंड दिसतं. घाणेकरांचा 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी (१९६२) किंवा डॉ. लागूंचा 'नटसम्राट' (१९७०) डोळ्यांपुढे आणायला आपल्याला स्टुडिओतल्या पडद्याची गरज लागत नाही. 'घाशीराम कोतवाल'च्या (१९७२) फोटोंत तर एकटा नट असून भागतच नाही, ती ब्राह्मणांची रांग, तो माणसांचा पडदा, हाच अभिनय. तो स्टुडिओत कसा काढणार होता?

गोंयचो_पाव

'रायगड' आणि 'नटसम्राट', दोन्हींची निर्मिती धी गोवा हिंदु असोसिएशनची. हीही नोंद असावी. (थांबतो आता.)

बोरकूट

एक बाळबोध प्रश्न. हल्ली एआयने रंगवलेले जुने फोटो येतात. बालगंधर्वांचा एक फोटो जांभळट-काळ्या साडीत फिरतोय, ओठ चॉकलेटी. ते बरोबर असतं का?

कृष्णधवल

नाही. वर लिहिलंय तेच कारण. यंत्राला करडा रंग दिसतो, त्यामागे लाल होता की काळा हे त्याला कळायचा मार्ग नाही. प्लेटने लाल काळा केला, यंत्राने त्या काळ्याला जांभळा केला. वर चेहरा 'सुधारताना' यंत्र डोळे आजच्या नटीसारखे करतं, बोटं बारीक करतं. म्हणजे तिसरी_घंटा ज्या हातांत अभिनय शोधतायत तेच हात पुसले जातात. पुढच्या पिढीला वाटेल स्त्रीपार्टी नटांचे पंजे नाजूकच असायचे.

तिसरी_घंटा

याच्यासाठी एक कळकळीची विनंती. घरात जुने नाटकाचे फोटो असतील, कोणाचे आजोबा कंपनीत होते, कोणाकडे कॅबिनेट साइझचे जाड पुठ्ठ्यावरचे फोटो असतील, तर रंगवत बसू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेशन उकलताना वरचा थर निघून येतो. पुठ्ठा कापून फ्रेममध्ये बसवू नका, पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर स्टुडिओचं नाव आणि गाव असतं, त्यावरून कंपनीचा मुक्काम कुठे होता ते लागतं. मागची बाजूही स्कॅन करा. कोणी पेन्सिलीने भूमिकेचं नाव लिहिलेलं असतं, कधी दुसऱ्याच नटाचं. स्कॅन करताना कडा सोडू नका, ती पडद्याची दांडी आणि गालिच्याची किनार तिथेच असते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे स्थिरचित्रं आणि गाण्यांची पुस्तकं जपली जातात, चित्रपटाचं काही असेल तर त्यांना विचारून बघा.

सुलभा_ताई

आणि मागे बाईचं नाव लिहिलेलं सापडलं तर आधी इथे टाका. पुरुषांचे खूप झाले.

बोरकूट

आईला विचारलं. ट्रंक माळ्यावर आहे, शिडी शेजाऱ्यांकडे. रविवारी बघतो.